नऊ वेळा ‘नाही’

३ मार्च, सोमवार

दोन! यंत्रावर दोन आला!

पाच आठवड्यांपूर्वी दादानं श्वासातला धूर मोजायच्या याच नळीत फुंकलं तेव्हा अठ्ठावीस आला होता आणि यंत्र कोकलायला लागलं होतं. आज दोन. न ओढणाऱ्या माणसाचा श्वास. तीस वर्षं रोज वीस सिगरेटी ओढणारा माझा थोरला भाऊ— आणि मी सोडवली! चोवीस वर्षं नर्स आहे, पण दवाखान्यात आजच्याइतकी ताठ कधी चालले नसेन. दारातल्या फळ्यावर ‘यांनी सोडली’ असं मोठ्या अक्षरात आहे, त्याखाली त्याच्या नावाची चिठ्ठी लावली. बारावी. बाकी अकरांच्या टाचण्या साध्या, त्याची निळी. आपला तो बाब्या! असू दे.

दादा चिठ्ठीकडे बघत म्हणाला, "अक्षर छान आहे गं, धाकटे." एवढंच. स्वतःचं कौतुक करवून घेईल तर शपथ.

४ मार्च, मंगळवार

कपाट आवरलं. प्रत्येक ओढणाऱ्याचे दोन कागद असतात. पांढरा सिगरेटचा— किती, कधीपासून, उठल्यावर किती वेळात पहिली. पिवळा मनाचा. नऊ प्रश्न. कामात जीव रमतो का, झोप लागते का, भूक, थकवा, स्वतःचा राग येतो का... नववा म्हणजे जगू नये असं वाटतं का. पिवळा कागद माणसाला समोर बसवून, एकेक प्रश्न मोठ्यानं वाचून भरायचा. तो सांगेल तेच लिहायचं. नवी डॉक्टरीणबाई याबाबत फार कडक. वय माझ्या अर्ध्याला जरा जास्त, पण नजर मुख्याध्यापिकेची.

दादाचा पिवळा मी पहिल्याच दिवशी भरून टाकला होता. न विचारता. नऊ प्रश्न, नऊ वेळा ‘नाही’. आता सख्ख्या भावाला खुर्चीत बसवून विचारायचं, तुला रडू येतं का म्हणून? ज्याच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा शाळेत गेले, त्याला मी ओळखत नाही?

एवढा एकच कागद तसा. बाकी माझं काम चोख असतं.

१० मार्च, सोमवार

डबा द्यायला दादाच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणायचं आपलं! एक खोली— खळीचा वास, कापलेल्या कागदाच्या पट्ट्या, पुस्तकं दाबायचं ते लोखंडी धूड, आणि वर जिना चढून त्याच्या राहायच्या दोन खोल्या. कचेऱ्यांची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, पोरांचे प्रबंध— अर्धं शहर त्यानं शिवलेलं आहे.

दादा दाभण हातात घेऊन बसला होता. दोरा ओवलेला नव्हता.

"काय रे?"

"काही नाही. बसलोय."

"दाभण घेऊन?"

"हो की." आणि दाभण खाली ठेवलं.

झोप कमी झालीय म्हणाला. चारला जाग येते. मी म्हटलं, होतं तसं, आमच्या पत्रकातच लिहिलंय. ते पत्रक मीच तर लिहिलं— सोडल्यावर काही आठवडे झोप, चिडचिड, उदास वाटणं, घाबरू नये, आपोआप जातं. त्याला एक प्रत दिली. त्यानं ती नीट चौपदरी घडी घालून खिशात ठेवली. वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली, पण घडी अजून तिच्यासारखीच घालतो.

१६ मार्च, रविवार

दुपारी दादा पत्ते खेळायला आला. तो, हे आणि वरच्या मजल्यावरचे पेन्शनर. तो गेल्यावर हे म्हणाले, "तुझा दादा सहा डाव हरला."

"मग? हरतो माणूस."

"हरतो. पण तुझा दादा हरला की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आज म्हणाला, बरं."

मी म्हटलं, सिगरेट सुटली की माणूस शांत होतो. हे पत्ते पिसत राहिले.

२४ मार्च, सोमवार

दादा— दोन. वजन सव्वादोन किलो कमी! सिगरेट सोडली की लोकांचं वाढतं, सगळ्या बायाबापड्या माझ्या नावानं खडे फोडतात. मी काट्याजवळ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या दादाचं सगळंच जगावेगळं!" लोक हसले. तोही हसला.

२ एप्रिल, बुधवार

जेवण न करताच लिहायला बसलेय.

सुट्टी झाल्यावर सरळ त्याच्याकडे गेले. पुढचं दार उघडं, आत कोणी नाही. मागच्या बोळात बघते तर पायरीवर बसलाय आणि ओढतोय! खळीच्या डब्याच्या झाकणात राख. मला बघून लपवलीसुद्धा नाही. त्याचाच जास्त राग आला. लपवली असती तर निदान लाज तरी आहे म्हटलं असतं.

काय काय बोलले मी! माझं नाक कापलंस. लोकांना कोणत्या तोंडानं सांगू. वहिनी असती तर तुला उभं राहू दिलं नसतं. यातलं शेवटचं बोलायला नको होतं. तो ऐकत होता. सिगरेट बोटांत तशीच जळत गेली, चटका बसला असणार, तरी त्यानं हात हलवला नाही. मग म्हणाला, "चुकलं. तू रडू नकोस." मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "एक सिगरेट ओढली त्यानं. खून नाही केला."

३ एप्रिल, गुरुवार

चिठ्ठी काढली. बाहेर रांग होती तेव्हाच काढली. मुद्दाम.

७ एप्रिल, सोमवार

दादा आला, न बोलावता. नळी स्वतःच उचलली. दोन! म्हणाला, "त्यानंतर नाही ओढली. लाव आता चिठ्ठी." लावली. निळी टाचणी सापडेना, साधीच लावली. माझा जीव भांड्यात पडला.

शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालीय. नवा शर्ट घ्यायला पाहिजे त्याला.

९ एप्रिल, बुधवार

आजचा दिवस वाईट.

सकाळी दवाखान्याची नवी रजिस्टरं आली— दादानंच बांधलेली. पाच. त्यातल्या तिनांचे पुठ्ठे उलटे! नाव सरळ धरलं की आतली पानं खालीवर. चाळीस वर्षांत त्याच्या हातून अर्ध्या सुताची चूक झालेली नाही. त्याच्या हाताखालचा पोरगा आणून टाकून गेला आणि मी हसत सगळ्यांना दाखवत होते, "म्हातारा झाला हो आमचा दादा!" डॉक्टरीणबाई हसली नाही. एक रजिस्टर तिनं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "यांचे कागद आणा."

पांढरा पाहिला. वजनाचे आकडे एकाखाली एक पाहिले— आता चार किलो कमी. मग पिवळा.

"नऊच्या नऊ नाही. हे यांनी सांगितलं?"

"हो."

"तुम्ही विचारलंत?"

"हो, मीच विचारलं."

चोवीस वर्षांत मी डॉक्टरशी खोटं बोललेली नाही. आज बोलले, आणि जीभ अडखळलीसुद्धा नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी आधी तिच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. मी विचारलं नव्हतं, मनानं भरला. वाटलं ओरडेल. ओरडली नाही. खुर्ची दाखवली.

तिचं म्हणणं माझ्या शब्दांत लिहिते. सिगरेट आणि उदासी पुष्कळदा जोडीनं घर करतात. उदास माणूस जास्त ओढतो, त्याला सोडणं जड जातं, आणि ओढण्यानं उदासी हटत नाही, नुसती दबल्यासारखी वाटते. सोडल्यानं माणसं बिघडतात असं नाही. बहुतेकांची मनं उलट हलकी होतात. पण आत आधीपासून काही असेल तर ते त्याच वेळी बघावं लागतं. "एकीला हाकललंत आणि दुसरी घरात आहे की नाही तेही बघितलं नाहीत," ती म्हणाली. "पिवळा कागद त्यासाठी आहे. आणि पत्रकात आपोआप जातं लिहिलंय, त्याच्यापुढे ‘नाही गेलं तर या’ हे कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही. मीच लिहिलेलं पत्रक. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

दुपारी तिनं दादाला बोलावलं, स्वतः विचारलं. बाहेर आली आणि मान हलवली. "सगळं ठीक म्हणतात. अगदी हसून म्हणतात. तुम्ही विचारा."

मी म्हटलं, मला तर मुळीच नाही सांगायचा.

"बहिणीला नाहीच सांगणार. तुम्ही इतरांना विचारता तसं विचारा."

११ एप्रिल, शुक्रवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझंच मन यातलं काही पुसून टाकेल.

गणवेश होता अंगावर. दार लावून घेतलं. पिवळा कोरा कागद पुढ्यात. तो आत आला आणि म्हणाला, "काय गं, धाकटे, आता काय?" माझं धाडस होईना. मग कागदाकडे बघतच म्हटलं—

"बसा. तुम्हाला काही प्रश्न विचारायचे आहेत."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला तुम्ही म्हणाले. तो थबकला. आता हसेल, वेड लागलं का म्हणेल, असं वाटलं. खुर्ची ओढून बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली— अनोळखी माणसासमोर ठेवतो तशी.

"विचारा, बाई."

कामात मन रमतं का? "नाही." किती दिवस? "रोज." कधीपासून? "बायको गेली त्याच्याही आधीपासून. ती होती तेव्हा ती बोलायची, माझं झाकलं जायचं."

आणि मी समजत होते वहिनी गेली म्हणून. दोन वर्षं सगळ्यांना हेच सांगत होते.

झोप. भूक. थकवा. रोज, रोज, रोज. मी खुणा करत होते. स्वतःबद्दल वाईट वाटतं का? "रजिस्टरं उलटी बांधली मी, बाई. बांधताना दिसलं होतं. सोडवून परत करायचं जिवावर आलं." हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. बाकी कशानं नाही, याच्यानं.

कागदावर नाही असा एक प्रश्न मी विचारला. सिगरेट ओढल्यावर काय वाटायचं?

"वाटायचं असं काही नाही. एक संपली की दुसरीपर्यंत जायचं, एवढं ठरलेलं. दिवसाचे वीस तुकडे व्हायचे. एकेक तुकडा निघतो. आता सबंध दिवस अंगावर येतो."

मग नववा. तो मी कित्येकांना विचारलाय, नळाला पाणी यायची वेळ विचारावी तसा. जगू नये असं वाटतं का?

तो वजनकाट्याकडे बघत होता.

"वाटतं."

कधीकधी? "रोज."

यापुढे विचारायचंच असतं, नियम आहे. तसं काही ठरवलं होतं का?

"एकदा. या महिन्यातच. बुधवार होता. सगळं ठरवून झालं होतं. मग म्हटलं, एक ओढू आणि मग बघू. मागच्या पायरीवर ओढत बसलो होतो, तेवढ्यात बहीण आली. खूप बोलली."

पेन माझ्या हातात होतं. काय लिहू?

"मला धाकटी बहीण आहे एक," तो म्हणाला. "तिला यातलं काही सांगू नका, बाई. फार खूश आहे ती माझ्यावर. फळ्यावर नाव लावलंय तिनं."

मी म्हटलं, डॉक्टरांना सांगावं लागेल.

"डॉक्टरांना सांगा. तिला नको."

"नाही सांगणार."

कशी म्हणाले देव जाणे! त्यानं टोपी घातली, कागदाच्या खाली सही केली आणि उठला नाही. तिथेच बसून राहिला. मीही. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं. मी उघडलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

डॉक्टरीणबाईनं कालच सगळी सूत्रं हलवली. मोठ्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरला फोन, त्याच दुपारी भेट, गोळ्या. एकटं ठेवायचं नाही. दादा आमच्याकडे राहायला आला, एका पिशवीनिशी. हे म्हणाले, "या! पत्त्याला रोजचा भिडू मिळाला!" आणि आत जाऊन तोंड धुऊन आले.

वरच्या दोन खोल्या मी आणि ह्यांनी जाऊन नीट बघितल्या. जे काढायचं ते काढून आणलं. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

घरी तो मला तू म्हणतो, मी त्याला तू म्हणते. आज जेवताना माझ्या ताटात स्वतःची अर्धी पोळी ठेवली, लहानपणी ठेवायचा तशी. मी म्हटलं, तूच खा, हाडं दिसायला लागलीत. त्यानं खाल्ली.

राग कुणावर काढू? वहिनीवर काढला थोडा वेळ— तिला माहीत असणार, तिनं मला का नाही सांगितलं. मग लक्षात आलं, मीही तिला कधी विचारलं नव्हतं, दादा कसा आहे. एकाच गावात राहून!

२२ एप्रिल, मंगळवार

इस्पितळाच्या डॉक्टरनं सांगितलं, गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतील, तोपर्यंत डोळ्यात तेल घालून राहा. आम्ही तिघं— मी, हे, वरचे पेन्शनर— पाळ्या लावल्यात. दादाला माहीत आहे. परवा पेन्शनरांना म्हणाला, "तुमची पाळी संपली, जा आता, जेवा." पेन्शनर हे मला सांगताना रडले.

सिगरेटचं काय, हे मी भीत भीत डॉक्टरीणबाईला विचारलं. आता तरी ओढू द्यायची का? ती म्हणाली, नको, सोडलीय ती चांगलंच झालंय, फक्त आता एकट्यानं नाही. फळ्यावरची चिठ्ठी मी काढून घेतली. या खेपेला गुपचूप, सगळे गेल्यावर. दादाचं नाव तिथे टांगायला ती काय शर्यत होती?

२७ एप्रिल, रविवार

पत्ते. चौथा डाव हरला आणि पानं आपटली! ह्यांना म्हणाला, "लबाड आहेस, लग्नात बघितलं तेव्हाच कळलं होतं मला!" हे एवढे खूश, की उठून नाचायचेच बाकी होते. मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना चहा टाकला.

संध्याकाळी परत गप्प झाला. डॉक्टरनं सांगितलंय, असंच होईल, पुढे-मागे. पण चिडला तर होता.

३ मे, शनिवार

या वहीत एक खोटं आहे, ते आज खोडते. ‘एवढा एकच कागद तसा’ असं मी लिहिलं. नाही. पिवळे कागद दोन वर्षांपूर्वी आले. बाहेर रांग असायची आणि माणसं सगळी ओळखीची. आज सुट्टी होती, एकटीनं कपाट उघडून बसले. न विचारता भरलेले, माझ्या अक्षरातले, दादाचा सोडून— त्रेपन्न. नऊ वेळा नाही, नऊ वेळा नाही. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईच्या टेबलावर ठेवणार आणि एकेकाला बोलावणार.

बावन्नांना. त्रेपन्नावा शिंप्याचा आहे. गेल्या वर्षी त्यानं स्वतःला संपवलं, तेव्हा त्याच्या दारात उभी राहून मीच त्याच्या बायकोला म्हणाले होते, "अहो, कधी काही बोलला कसा नाही हो!"